मिठाची पाटी, उसनी पोरं आणि मी

वामन,

परवा तुझी शोकसभा झाली आणि तिथे तुला दुसऱ्यांदा मारलं. तापाने नेलं ते मी मोजत नाही. त्याआधी एकदा मी मारलं होतं, ते पुढे सांगतोच, पळून जात नाही. परवाचा वार साहेबांचा. व्यासपीठावरून, तुझ्या फोटोला हार घालून, शंभर माणसांदेखत.

साहेब आठवतात ना? आपले तपासनीस. तेव्हा तालुक्याचे होते, आता जिल्ह्याचे झालेत. तेव्हा त्यांचं पोट शाळेच्या दारात आलं की घंटा द्यायची आणि मागून साहेब येईपर्यंत हजेरी पुरी व्हायची. आता पोट आणि साहेब यांच्यामध्ये मधली सुट्टीसुद्धा मावेल. तर ते उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वामन गुरुजींनी बाराखडीची आपली थोर परंपरा प्राणपणाने जपली. मी स्वतः त्यांचा पहिलीचा वर्ग तपासला आहे. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत एक मूल अडखळलं नाही!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही भान लोकांना राहिलं नाही.

तू, आणि बाराखडीची परंपरा! अरे, पोरांना महिनोन् महिने नुसती बाराखडी घोकायला लावणं म्हणजे मुक्या माणसाला गाणं पाठ करायला लावणं, असं माझ्याच तोंडावर म्हणणारा तू. आणि मी पहिल्या रांगेत बसलो होतो. या मिठागराच्या काठावर माझ्याएवढं मोठं तोंड कुणाचं नाही हे सगळं ठाणं जाणतं. मी हाक मारली तर कळव्याची म्हैस वळून बघते. त्या मीच परवा ब्र काढला नाही. शेजारी बसलेल्या आपल्या शाळेच्या काळे मास्तरांनी तर मला वारासुद्धा घातला. त्यांना वाटलं, दुःखाने घसा दाटलाय. दुःख नव्हतं रे. संताप होता, आणि भीती होती.

तुला आल्या दिवसापासून आठवतो. झेंडा पहिल्यांदा फडकला त्याच्या पुढच्या वर्षी तू आलास. कोपरीच्या पलीकडे, मिठागरांच्या बांधाला टेकलेली आपली कौलारू शाळा. तू एवढा हडकुळा की वारा सुटला तर खिशात खडूची पेटी ठेवून चालावं लागेल, असं मी हिला सांगितलं होतं. ही म्हणाली, "तुमच्याच शाळेत आलाय ना, तुम्ही बोलाल त्या वाऱ्याने जाईल." त्या दिवसापासून तू हिच्या हातचं जेवायला लागलास आणि ती तुझी वहिनी झाली. तरी तुझ्या अंगावर मूठभर मांस चढलं नाही.

तेव्हा पहिलीचा वर्ग कसा चालायचा ते तुला सांगायला नको, पण मला संतापाने सांगायचंच आहे. पोरं ओळीने बसायची आणि ओरडायची. क का कि की. आवाज एवढा की खाडीवरचे बगळे मुंब्र्याला राहायला गेले. पाटीवर गिरवायचं ते वेगळ्या तासाला, तेही मुकाट्याने. शुद्धलेखन आणखी वेगळं, दुसरीत गेल्यावर, छडीसकट. म्हणजे तोंड एका वर्षी, हात दुसऱ्या तासाला आणि डोकं आलंच तर चौथीत. माझा एक विद्यार्थी 'ढ'ला झोपला तो थेट सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला जागा झाला. आणि या पद्धतीचा मला अभिमान होता! मी हेडमास्तर होतो ना.

तू चहाच्या खोक्यांच्या फळ्या आणल्यास, कडेला पट्ट्या ठोकल्यास, आणि पोरांना सांगितलंस, "उद्या येताना घरून मूठभर मीठ आणा." मिठागरावर राबणाऱ्यांची पोरं ती. मूठभर कुठली, पदर भरून आणलं. प्रत्येक फळीवर बोटभर थर पसरलास आणि पहिल्या दिवशी, 'क' नाही, 'अ' नाही, शब्द घेतलास "आगर". जिथे त्यांचे बाप उन्हात उभे होते ते आगर.

"आगर म्हणताना तोंडातून पहिलं काय निघतं?"

"आ!"

"मग तोंडाने आ म्हणत म्हणत बोटाने काढा. बोट थांबलं की आवाज थांबवा. आवाज थांबला की बोट थांबवा. एकट्याने कुणी जायचं नाही."

आ. ग. र. तीन आवाज, तीन अक्षरं. चुकलं तर तळहाताने मीठ सपाट करायचं आणि पुन्हा. तुझा कायदा एकच होता. न बोलता लिहायचं नाही आणि न लिहिता बोलायचं नाही. आवाज, अक्षर, शुद्धलेखन, सगळं त्याच एका पाटीवर, त्याच एका दमात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं आणि अर्ध्या वर्गाचे सदरे खारट झाले तेव्हा मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी पाट्यांत भाताचा तूस होता, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा मीठ. तू हटणाऱ्यातला नव्हतास. हीच तर अडचण होती.

आपलं भांडण आठवतं? अजून मिटलेलं नाही, म्हणून उकरतो. मी म्हटलं, "वामन्या, तुझी पोरं घरी 'पानी' बोलतात. तू आवाज ऐकून लिहायला शिकवलंस की ती 'पानी'च लिहिणार. तपासणीला साहेबांनी ते बघितलं तर तुझं आणि माझं पाणी बंद."

तू शांतपणे म्हणालास, "बापू, म्हणून तर दोन्ही एकत्र शिकवायचं. जिथवर कान नेतो तिथवर कानाने जायचं. कान जिथे थांबतो तिथे डोळ्याने बघून घ्यायचं. घरचं पानी प्यायचं, पुस्तकातलं पाणी लिहायचं. दोन्ही म्हणून बघायचं, मग बोट टेकवायचं. पोरांना कळतं ते. तुम्हालाच कळत नाही."

"पोरांना सहाव्या वर्षी कळतं?"

"त्यांना सहाव्या वर्षी भरतीची वेळ कळते. खारं पाणी आणि गोडं पाणी कळतं. तुम्हाला सांगता येईल?"

मी विषय बदलून तुझ्या धोतराच्या कासोट्याकडे वळलो. माझी हरायची हीच रीत आहे.

सोनी आठवते? धाकू पाटलाची, केस कधी विंचरलेले नसायचे. दिवाळीआधी तिने बापाच्या मीठ ओढायच्या फळीवर कोळशाने त्याचं नाव काढलं, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत. मिठागरावरची माणसं कामं टाकून भोवती गोळा झाली. धाकू तुझ्याकडे आला, ती फळी खांद्यावर घेऊन, आणि म्हणाला, "गुरजी, हा माना दिसतंय ता माजाच नाव हाय ना? पोरीनं फसवला नाय ना?" तू म्हणालास, "तुमचंच." मग तो माणूस त्या फळीने आठवडाभर मीठ ओढेना. नाव पुसेल म्हणून. मुकादमाने शिव्या घातल्या तेव्हा ओढलं. मी ही गोष्ट सगळीकडे सांगतो आणि सांगताना आठवड्याचा महिना करतो. तुला तेही आवडायचं नाही. "बापू, खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला उंच टाचा कशाला?"

आता माझ्याकडे येतो.

तपासणीचं पत्र आलं. तुला ठाऊक आहेच, तरी कबुली पुरी व्हावी म्हणून सांगतो, आपल्याकडे तपासणीची एक रीत होती. लग्नाला शेजाऱ्याकडून सतरंज्या आणाव्यात तशी तपासणीला पोरं उसनी आणायची. वरच्या वर्गातली बुटकी पोरं खालच्या वर्गात बसवायची. शेजारच्या शाळेचा हुशार पोरगा आपल्या हजेरीवर चढवायचा. पुढच्या आठवड्यात आपला त्यांना द्यायचा. सगळा तालुका करायचा. एक पोरगा तर मी असा पाहिलाय की तो एकाच हिवाळ्यात सात शाळांतून पहिला आला.

तुला हे चालणार नाही, हे मला माहीत होतं. तुझी पोरं लिहीत होती, वाचत होती, पण बाराखडीचं घोकंपट्टीचं पाठांतर त्यांना येत नव्हतं. साहेब दुसरं काही विचारणार नव्हते. आणि एखाद्याने पाटीवर 'पानी' लिहिलं असतं तर? तू जाशील, मी जाईन, पाट्या चुलीत जातील. म्हणून मी तुला सांगितलं की तपासणी पुढे ढकलली आहे, आणि त्या दिवशी सकाळी तुला पोरांसकट खाडीवर धाडलं. "बगळे दाखव त्यांना, निसर्गपाठ होईल." तू खूश झालास. मला म्हणालास, "बापू, आज तुम्ही हेडमास्तर शोभता." ते वाक्य अजून माझ्या पाठीत आहे.

तुझ्या वर्गात मी तिसरीतली बारा बुटकी पोरं बसवली. एक जरा उंच निघाला. मिसरूड फुटायला फक्त साहेबांची परवानगी हवी होती. त्याला शेवटच्या रांगेत, दाढ दुखते म्हणून गालफडाला फडकं बांधून बसवला. साहेब आले. पोरांनी बाराखडी अशी म्हटली की कौलं हलली. साहेबांची मान डोलत होती. मग त्यांची नजर कोपऱ्यात रचलेल्या तुझ्या पाट्यांवर गेली.

"हे काय हो? मीठ?"

"साहेब, ते…" मी म्हणालो, "शाळेचं लोणचं घालायचंय."

देवाशपथ, हेच म्हणालो. आणि साहेबांनी ते खरं मानलं! "वा! शाळेला लोणचं!" हे मी तेव्हा चहावर चार जणांना रंगवून सांगितलं, लोक लोळले. आज लिहिताना हसू येत नाही. तुझी सगळी विद्या मी बरणीत घातली, वामन.

तू भर दुपारी परतलास. साहेब ऑफिसात चहा पीत होते. शेरेबुक उघडं होतं आणि त्यात शाई वाळत होती. "पहिलीची तयारी उत्कृष्ट. पाठांतराची पद्धत आदर्श. तालुक्यातील सर्व शाळांनी अनुकरण करावे." तू वाचलंस. मग वर्गात गेलास, तिथे तिसरीची पोरं अजून तुझ्या पोरांच्या जागांवर बसली होती. तुझी पोरं दारात उभी, पायांना चिखल, सोनीच्या हातात बगळ्याचं पीस. तू माझ्याकडे बघितलंस.

"बापूसाहेब," तू म्हणालास. बापूसाहेब तू मला त्या एकाच दिवशी म्हणालास. "माझी पोरं कुठे नापास झाली होती?"

बस. एवढंच.

साहेब दहा पावलांवर बसले होते. तू आत जाऊन एक वाक्य बोलला असतास तर माझी नोकरी गेली असती आणि तुझी पद्धत राहिली असती. तू बोलला नाहीस. का नाही बोललास? कुणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? वहिनीच्या हातची भाकरी मधे आली? ज्याने आयुष्यभर न बोलता लिहू दिलं नाही, त्याने माझ्यासाठी मात्र तोंड मिटलं! तुझ्यावर मी यासाठी जेवढा चिडलो आहे तेवढा साहेबांवरही नाही. माझ्यावर किती, ते लिहायला शेरेबुक पुरणार नाही.

पुढचं सगळं त्या चार ओळींनी केलं. महिन्याभरात कचेरीचं पत्रक आलं. पहिलीला पाठांतर सक्तीचं, "अन्य प्रयोग" बंद. तू पत्रकाला उत्तर लिहिलंस, नम्र, सात पानांचं, प्रत्येक पोराचं नाव घालून. उत्तर म्हणून तुझी बदली आली, खडवलीला. मी स्टेशनावर पोचवायला आलो होतो. तू ट्रंकेवर बसून होतास. मी आठ विनोद केले. तू आठव्याला हसलास, तेही माझी दया येऊन.

चार वर्षांत मी एकदाच आलो तिकडे. शाळा सुटलेली, आणि वडाखाली तू आणि दहाबारा पोरं, पुढ्यात तुसाने भरलेल्या पाट्या. शाळेच्या वेळात हुकमाप्रमाणे घोकंपट्टी, शाळा सुटल्यावर तुझी शाळा. मी सांगायला आलो होतो. शपथेवर सांगतो, कल्याणपासून वाक्य जुळवत आलो होतो. "वामन, मी साहेबांना खरं सांगतो." तू मला चहा दिलास, वहिनीची चौकशी केलीस, आणि मी तासभर मगरीची गोष्ट सांगत बसलो. खाडीत मगर! तू ऐकून घेतलंस. निघताना म्हणालास, "बापू, पाटीवरचं चुकलं की तळहात फिरवता येतो. शेरेबुकाला तेवढं येत नाही." मी म्हटलं, "खरं आहे," आणि गाडी पकडली. तू दार उघडून दिलं होतंस. मी उंबऱ्यावरूनच परत आलो.

म्हणून परवा साहेब जेव्हा म्हणाले की एक मूल अडखळलं नाही, तेव्हा त्या सभेत खरं सांगू शकणारा मी एकटा होतो. तू फोटोत होतास.

काल सकाळी शाळेत गेलो ते तडक कपाटाकडे. शेरेबुक काढलं. साहेबांचा तो शेरा शोधला आणि त्याच्या खाली, जिथे फक्त साहेबांनी लिहायचं असतं, तिथे लिहिलं. "वरील तपासणीत पहिलीच्या जागी तिसरीची मुले मी बसवली. वामन गुरुजींना माहीत नव्हते. त्यांची मुले लिहू-वाचू शकत होती. मीठ लोणच्यासाठी नव्हते." सही केली. अक्षर सुरेख आलं. छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून काळे मास्तरांच्या चहात पडलं. झालं, म्हटलं, ऋण फिटलं. शेरेबुक मिटून कपाटात ठेवलं. आणि, हे तुलाच सांगतो, कुलूप लावलं.

मग माळ्यावरून तुझ्या पाट्या काढल्या. सहा शाबूत आहेत. सध्या आगरं भरात आहेत, मीठ मागावंही लागलं नाही. पहिलीच्या वर्गात जाऊन बसलो, पोरांना भोवती घेतलं, आणि त्यांना दाखवायला म्हणून बोटाने तुझं नाव काढलं. तीनच अक्षरं. तुझ्या आईबापांनी नाव ठेवतानाच पहिलीचा विचार केला असावा. मुकाट्याने काढलं.

पुढे बसलेली एक चिमुरडी माझ्याकडे बघत होती, जसं पोर पडल्यावर मोठं माणूस बघतं तसं.

"गुरजी, असा नाय लिव्हायचा."

"का गं? चुकलं?"

"तोंड बंद हाय तुमचा."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"सोनीनं. माजी मोठी बहीन. आमी घरी चुलीच्या राखंत लिव्हताव. न बोलता लिव्हला का ती राख पुसून टाकतं. म्हनतं, ता लिव्हलेला नाय."

आणि वामन, त्या पोरीने माझ्या डोळ्यांदेखत तळहात फिरवला आणि तुझं नाव सपाट केलं. हेडमास्तरने लिहिलेलं! मीठ कोरं करून पाटी माझ्याकडे सरकवली. "आता बोला."

पत्रक काढून जे बंद केलं ते पाटलाच्या चुलीपाशी चार वर्षं चालू होतं. कुणाचा हुकूम नाही, कुणाची तपासणी नाही. मला नाचावंसं वाटलं. मला त्या कचेरीच्या दाराशी जाऊन ढोल वाजवावासा वाटला. पण पोरगी वाट बघत होती, आणि पाटी कोरी होती.

मी बोललो. वा. म. न. आवाज फाटला, बोट थांबलं, पुन्हा धरलं. तिसऱ्या खेपेला दोन्ही बरोबर गेले. पोरांनी माझ्याबरोबर म्हटलं. एरवी मी लिहिलं असतं की खाडीपलीकडे ऐकू गेलं. नाही गेलं. तेवढ्या खोलीतच ऐकू आलं. तू म्हणालास तशी, गोष्ट पुरेशी मोठी होती.

नंतर कपाटाकडे गेलो आणि त्या कुलपाकडे बघत उभा राहिलो. शेरेबुकात मी लिहिलं होतं, तेही तोंड मिटून. सोनीच्या कायद्याने ते लिहिलेलं नव्हतंच.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी जाईल." मग सदऱ्याला बटण लावून दिलं. "भाऊजींना सांगा, उशीर केलात म्हणून वहिनी रागावली आहे. तुमच्यावर."

शेरेबुक काखेत आहे. साहेबांची कचेरी अकराला उघडते. मी आत जाऊन ते पान त्यांच्यापुढे धरणार आहे आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचणार आहे. लोणच्यापर्यंत, सगळं. मधे गोष्ट सांगणार नाही, मगर आणणार नाही. आवाज थांबला तर बोट थांबवीन, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करीन.

तुझा,
बापू